ट्राउट, नाकतोडे आणि काठचं गवत

जून सरला की पेन्सिल्वेनियातले बरेच फ्लाय-फिशर काठ्या पुसून पिशवीत घालून ठेवतात. पाण्यातून किडे वर यायचे थांबले, आता ट्राउट तोंड उघडणार नाही, सप्टेंबरात बघू, असं त्यांचं म्हणणं. मला ते कधीच पटलं नाही. एप्रिल-मेमध्ये नदीच्या तळाशी वाढलेले मेफ्लाय आणि कॅडिस पंख फुटून झुंडीनं वर येतात, तेव्हा ट्राउट प्रवाहाच्या मधोमध राहून ते टिपत असतो. जुलै लागला की ही आवक आटते. मग तोच ट्राउट काठाला सरकतो, कारण आता त्याचं खाणं जमिनीवरून येतं. गवतातून उडी चुकलेला नाकतोडा, फांदीवरून गळलेला भुंगेरा, वाऱ्यानं भिरकावलेल्या मुंग्या, धाग्याला लोंबकळणारा हिरवा सुरवंट. उन्हाळ्यात नदी वाचत बसू नये, काठ वाचावा, असं मी नव्या माणसाला सांगतो.

त्याच काठानं मला एकदा आजारीही पाडलं. मासा जिथे असतो तिथेच धोकाही असतो, आणि दोन्हींचं मूळ एकच, गवत. अमेरिकेत राहणारी आपली बरीच मंडळी आता मुलांना घेऊन ओढ्या-नद्यांवर जायला लागली आहेत, सुट्टीत हिमाचलला जाणारेही तिथे काठी भाड्यानं घेऊन ट्राउटच्या मागे लागतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

मी मूळचा दोडामार्ग तालुक्यातला. लहानपणी ओहोळावर गरी घेऊन बसणं, गांडूळ लावणं, खवळे आणि मळये काढणं हे आमच्याकडे कुणी शिकवावं लागत नाही. फ्लाय-फिशिंग मात्र शिकावं लागलं. गरीला आमिष असतं, शिशाचं वजन असतं आणि ते वजन दोरी ओढून नेतं. इथे गळावर दोरा, पिसं, फोम गुंडाळून केलेल्या नकली किड्याला, म्हणजे फ्लायला, वजनच नसतं. वजन असतं जाड लाईनला. ती हवेत मागेपुढे खेळवून सोडायची. लाईनच्या टोकाला नऊ ते बारा फुटांचा निमुळता लीडर, त्याच्या शेवटी अगदी बारीक टिपेट आणि टिपेटला फ्लाय. फ्लाय पाण्यावर अशी पडली पाहिजे की माशाला ती दोरीला बांधलेली वाटू नये. सगळी विद्या एवढ्यासाठी.

जमिनीवरच्या किड्यांची नक्कल करून ट्राउट धरण्याची अमेरिकेतली परंपरा ज्या ओढ्यावर नीट उभी राहिली, तो माझ्या घरापासून फार लांब नाही. कार्लाईल गावाजवळची लेटॉर्ट स्प्रिंग रन. चुनखडीच्या खडकातून झऱ्यांनी वर येणारं हे पाणी उगमापाशी वर्षभर 10-11 अंश सेल्सिअसच्या आसपास राहतं. बाहेर बर्फ पडो की ऑगस्टातलं ऊन असो. पात्र अरुंद, प्रवाह संथ, पाणी काचेसारखं स्वच्छ, तळात लांब शेवाळी वनस्पतींच्या जटा आणि दोन्ही बाजूंना कुरणं. अशा पाण्यातला ब्राउन ट्राउट फार संशयी असतो. तसा तोही इथला मूळचा नव्हे. 1883 मध्ये त्याची अंडी जर्मनीहून अमेरिकेत आली. इथला खरा रहिवासी ब्रुक ट्राउट, तो पेन्सिल्वेनियाचा राज्यमासा आहे.

व्हिन्सेंट मरिनारो आणि चार्ल्स फॉक्स या दोघांनी 1940 च्या दशकात या कुरणात उन्हाळेच्या उन्हाळे घालवले. त्यांना एक कोडं पडलं होतं. पाण्यावर एकही कीटक दिसत नाही आणि तरी ट्राउट शांतपणे, एका लयीत पृष्ठभागावर येऊन काहीतरी टिपतो आहे. मरिनारो काठावर पालथा पडला, डोळे पाण्याच्या पातळीला आणून बघत राहिला, तेव्हा त्याला दिसलं की पृष्ठभागाच्या पापुद्र्यात इवलेसे किडे अडकून वाहत चालले आहेत. मुंग्या, छोटे भुंगेरे आणि जॅसिड, म्हणजे आपले तुडतुडे. कपाशीवर आणि आंब्याच्या मोहरावर जे तुडतुडे शेतकऱ्याची झोप उडवतात, त्यांचेच हे भाऊबंद. उभ्या माणसाला ते दिसत नाहीत, माशाला दिसतात. 1950 साली आलेल्या ‘अ मॉडर्न ड्राय फ्लाय कोड’ या पुस्तकात मरिनारोनं हे सगळं मांडलं आणि उन्हाळ्यातली मासेमारी बदलून गेली.

जॅसिडची फ्लाय मी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिलो. वीस-बावीस नंबरचा गळ (नंबर जितका मोठा तितका गळ लहान), म्हणजे तांदळाच्या दाण्याहूनही लहान. त्यावर आखूड छाटलेली पिसं आणि सगळ्यात वर आडवं बसवलेलं एकच पीस, ज्यावर मेणाचा थेंब गोठल्यासारखा चमकदार पिवळट ठिपका. ते पीस राखी रानकोंबड्याच्या मानेचं होतं. आमच्या गावाच्या वरच्या रानात पहाटे जो आरवतो, तोच. सह्याद्रीतल्या आणि दक्षिणेतल्या पक्ष्याचं पीस एकेकाळी बोटी भरून इंग्लंड-अमेरिकेत जात असे. आता आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे आणि फ्लाय बांधणारे परदेशात पाळीव वाढवलेल्या पक्ष्यांची पिसं वापरतात, किंवा नकली. गावाहून येताना कुणी हौसेनं अशी पिसं बॅगेत टाकू नयेत. गुन्हा आहेच, आणि त्या पक्ष्याचं आधीच पुष्कळ नुकसान होऊन गेलेलं आहे.

फ्लाय निवडणं हे लोक समजतात तेवढं अवघड नाही. डबीत तीनच प्रकार असले तरी उन्हाळा निघतो: मुंगी, भुंगेरा आणि नाकतोडा. मुंगी काळी किंवा तांबूस, चौदा ते वीस नंबर. ती पाण्यात निम्मी बुडून वाहते, त्यामुळे आपल्यालाच दिसत नाही. म्हणून तिच्या पाठीवर केशरी किंवा पांढऱ्या धाग्याचा ठिपका ठेवावा. ऑगस्टअखेर एखाद्या दमट दुपारी पंख फुटलेल्या मुंग्या झुंडीनं उडतात आणि पाण्यावर पडतात. त्या दिवशी ट्राउट दुसऱ्या कशाकडे बघतही नाही. भुंगेरा काळ्या फोमचा, बारा ते सोळा नंबर. तो हलकेच ठेवायचा नाही, थोडा ‘टप्’ असा पडू द्यायचा, कारण खरा भुंगेरा तसाच पडतो आणि त्या आवाजानं मासा वळतो. या भागात जपानी भुंगेऱ्यांचा सुळसुळाट आहे. 1916 साली न्यू जर्सीत पहिल्यांदा सापडलेली ही परदेशी कीड आज बागांची पानं जाळीदार करून टाकते, पण काठच्या वेलींवरून ती पाण्यात गळते तेव्हा ट्राउटची चंगळ होते.

नाकतोडा सगळ्यात मोठा आणि सगळ्यांचा आवडता. आठ ते बारा नंबर. सकाळी दव असताना नाकतोडे गारठून गवताच्या बुडाशी बसलेले असतात, त्यामुळे पहाटे उठून ही फ्लाय टाकण्यात अर्थ नाही. दहा-अकरानंतर ऊन तापतं, वारा सुटतो, नाकतोडे उडायला लागतात आणि त्यांतले काही पाण्यावर आपटतात. काठाखाली उभे असलेले मासे आधी बघावेत.

आता माशापर्यंत पोचायचं कसं. ट्राउटला पाण्याबाहेरचं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं, बाकीचा पृष्ठभाग त्याला आतून आरशासारखा असतो. खिडकीचा व्यास खोलीच्या साधारण सव्वादोन पट असतो. दोन फूट खाली उभ्या माशाला साडेचार फुटांची खिडकी. त्या खिडकीच्या कडेला आपलं डोकं उगवलं की खेळ संपला. म्हणून वाकून, गुडघ्यांवर, वेळ पडली तर बसून पुढे सरकायचं. पाय आपटायचे नाहीत, कारण चिखलट काठातून हादरा थेट पाण्यात जातो. लाईन शक्यतो गवतावरच पडू द्यायची आणि फक्त लीडरचा शेवटचा हात-दीड हात पाण्यावर. गवतात अडकेल ही भीती सोडून द्या. अडकेल, हळूच सोडवता येईल. उघड्या पाण्यावर पडलेली लाईन मात्र मासा पळवते.

नाकतोडा वाहत येतो. काठाखालच्या सावलीतून एक गडद पट्टी सुटी होते. ट्राउट वर येतो, पण लगेच खात नाही. नाक फ्लायला जवळजवळ टेकवून, शेपटी खाली सोडून, तो फ्लायबरोबर प्रवाहाच्या दिशेनं मागे मागे सरकत राहतो. हातभर, कधी वावभर. मरिनारोनं ‘इन द रिंग ऑफ द राइज’ या 1976 च्या पुस्तकात या तपासणीचे प्रकार छायाचित्रांसकट दाखवले आहेत. या वेळी लाईन जराशी जरी ओढली गेली, फ्लायमागे केसभर रेघ उमटली, तरी मासा विरून जातो. काही हलवायचं नाही. त्याचं तोंड उघडतं, पांढरा जबडा दिसतो, फ्लाय नाहीशी होते, आणि इथे बहुतेकांचा हात झटक्यात वर जातो व फ्लाय रिकामी हातात येते. माशाचं डोकं खाली वळेपर्यंत थांबावं. मग काठी नुसती उचलावी.

हे सगळं गुडघ्यांवर, गवतात, कमरेएवढ्या झाडोऱ्यात चालतं. त्यामुळे गोचिडीला माझ्यापर्यंत यायला काही कष्ट पडले नाहीत.

एका जुलैत मला ताप आला. अंग मोडून आलं, मान आखडली, डोकं ठणकलं. सर्दी नाही, खोकला नाही, पोट ठीक. जवळच्या दवाखान्यात तपासलं, विषाणूचा ताप आहे, विश्रांती घ्या म्हणून सांगितलं. कुठे जाता, काय करता हे कुणी विचारलं नाही आणि माझ्याही तोंडून ते निघालं नाही. चार-पाच दिवसांत ताप उतरला, मी कामाला लागलो. ऑगस्टातल्या एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून ओघळलं. पुन्हा भरली, पुन्हा ओघळलं. आरशात बघितलं तर उजवा डोळा मिटत नव्हता, कपाळाला उजवीकडे आठी पडत नव्हती, हसायला गेलो तर चेहरा अर्धाच हलत होता. बायकोनं काही न बोलता गाडीची किल्ली उचलली.

आम्हाला वाटलं अर्धांगाचा झटका. तपासण्यांत मेंदू ठीक निघाला. तिथल्या एका तरुण डॉक्टरनं विचारलं, सुट्टीच्या दिवशी तुम्ही काय करता? बायकोनंच उत्तर दिलं, हे ट्राउटसाठी कुरणात गवतातून फिरतात. त्यानं लगेच कपडे काढून पाठ, काखा, जांघा, गुडघ्यांच्या खोबणी नीट बघितल्या. डाव्या मांडीच्या मागे, मला कधीच न दिसणाऱ्या जागी, फिकट होत चाललेला तळहाताएवढा लालसर डाग होता. रक्ताच्या तपासणीत लाइम डिसीज निघाला. डॉक्सिसायक्लिन चालू झालं, डोळ्याला थेंब आणि रात्री पापणीवर पट्टी. चेहरा पूर्ववत व्हायला थंडी उजाडली. अनेकांना सांधेदुखी आणि थकवा महिनोन्‌महिने छळतो, त्या मानानं माझं लवकर निभावलं.

हा आजार पसरवणारी काळ्या पायांची गोचीड, जिला इथे हरणाची गोचीड म्हणतात, आपल्याकडे गुरांच्या कानात टरारून फुगलेली दिसते तशी नसते. तिचं मधल्या अवस्थेतलं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं आणि मे ते जुलैमध्ये तेच सगळ्यात जास्त फिरतं. चावल्याचं कळत नाही. ती उडी मारत नाही, झाडावरून पडत नाही. गवताच्या पात्याच्या टोकाला पुढचे पाय पसरून वाट बघत बसते आणि घासून जाणाऱ्या प्राण्याला चिकटते. म्हणजे ट्राउटसाठी आपण ज्या पद्धतीनं सरपटतो, तीच पद्धत तिच्या सोयीची.

पूर्ण बाह्यांचा फिका शर्ट घाला, काळा ठिपका त्यावर दिसतो. पँटचे पाय मोज्यांत खोचा. पँट, मोजे आणि बूट यांवर परमेथ्रिन फवारलेलं असावं. पण ते घरी, अंगणात फवारून पूर्ण वाळू द्या. ओढ्याजवळ बाटली उघडूच नका. परमेथ्रिन माशांना आणि पाण्यातल्या किड्यांना विष आहे, आणि ओलं असताना मांजरांनाही. उघड्या कातडीला डीट किंवा पिकारिडिन लावा. डीटचा हात लाईनला लागला तर लाईनचं आवरण खराब होतं, म्हणून मी पिकारिडिनच वापरतो. घरी आलात की कपडे आधी ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर दहा मिनिटं फिरवा. नुसत्या धुण्यानं गोचीड मरत नाही, कोरड्या उष्णतेनं मरते. मग अंघोळ, आणि आरसा घेऊन किंवा घरातल्या माणसाला सांगून सगळं अंग बघा. गुडघ्यामागे, जांघेत, बेंबीत, काखेत, कानामागे, केसांच्या मुळाशी. लाज वाटून चालत नाही. मुलांना तर तुम्हीच बघायचं.

चिकटलेली सापडली तर टोकदार चिमट्यानं कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढा. पिळू नका, रॉकेल नको, तेल नको, काडी लावू नका. एका दिवसाच्या आत काढली तर लाइमची शक्यता फार कमी राहते. कधी चिकटली ते कळत नसेल किंवा फुगलेली असेल तर तीन दिवसांच्या आत डॉक्टरला गाठा, काही वेळा ते डॉक्सिसायक्लिनचा एकच डोस देतात. पुढचा महिनाभर ताप, अंगदुखी किंवा पसरत जाणारा लाल डाग यांवर लक्ष ठेवा. डाग निशाणबोर्डावरच्या वर्तुळांसारखाच असतो ही समजूत सोडा, तो एकसारखा लालही असतो, आणि काहींना येतच नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत रक्ततपासणी निर्दोष येऊ शकते, तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. आणि चेहरा वाकडा झाला तर हे लाइमच असेल म्हणून घरी बसू नका, आधी रुग्णालय गाठा. डॉक्सिसायक्लिन चालू असताना कातडी उन्हानं लवकर भाजते, तेवढे आठवडे ओढा विसरा.

फोनवर आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हंजे आपल्या माकडतापासारख्याच काय रे ह्या?” आजार वेगळा, जंतू वेगळा, पण तिनं नेमकं धरलं होतं. 2016 पासून आमच्या भागात माकडतापानं काजूच्या बागांत काम करणारी माणसं दगावली आहेत. तो विषाणूही गोचिडीतूनच येतो. आई आजही बागेत जाताना आरोग्य खात्यानं दिलेलं तेल हातापायांना चोळते आणि परतल्यावर कपडे बाहेरच उकळत्या पाण्यात टाकते. मी इथे जे शिकलो ते ती आधीपासून करत होती.

काठावर आणखी एक गोष्ट ओळखता आली पाहिजे, पॉइझन आयव्ही. तीन-तीन पानांची वेल, मधल्या पानाचा देठ लांब, कधी झुडूप, कधी झाडावर चढलेली. ती बिब्ब्याच्या, काजूच्या कुळातली आहे आणि तिच्या चिकातला दाहक पदार्थही त्याच जातीचा. बिब्बा उतलेला माणूस ज्यानं बघितला आहे त्याला जास्त सांगायला नको. चीक लागल्यासारखं वाटलं तर ताबडतोब साबण आणि भरपूर पाण्यानं धुवा, आणि लाईन, बूट, कुत्र्याचा पट्टाही धुवा, कारण चीक त्यांच्यावरून दिवसांनंतरही लागतो. लेटॉर्टच्या काठात मस्करॅट नावाच्या प्राण्याची बिळं असतात, वरून गवत आणि खाली पोकळी, त्यात पाय जाऊन घोटा मुरगळतो. पाण्यात उतरायचं तर नावच नको. तळाचा गाळ मांडीपर्यंत गिळतो आणि माशांची अंडी घालायची जागा तुडवली जाते. ढगांचा गडगडाट ऐकला की काठी आडवी ठेवून गाडीत बसा, कार्बनच्या काठीतून वीज वाहते.

आता माशाच्या जिवाबद्दल. लेटॉर्टचं पाणी झऱ्याचं म्हणून थंड असतं, बाकीचे डोंगरी ओढे ऑगस्टात तापतात. खिशात थर्मामीटर ठेवाच. पाणी 20 अंश सेल्सिअसला, म्हणजे इथल्या हिशेबानं 68 अंश फॅरनहाइटला पोचलं की मी काठी मिटतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि झुंज देऊन दमलेल्या ट्राउटला तो भरून काढता येत नाही. आपण सोडून दिला, तो पोहत गेला, आपल्याला बरं वाटलं, आणि तासाभरानं तो खाली कुठेतरी पोट वर करून वाहत असतो. मॉन्टानात तीन दिवस सलग पाणी 73 फॅरनहाइटला गेलं की दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद करतात. पेच असा की नाकतोड्यांची वेळ दुपारची आणि पाणी सगळ्यात गरमही दुपारीच. तापणाऱ्या ओढ्यावर म्हणून नाकतोड्याचा मोह सोडावा आणि पहाटेपासून नऊपर्यंत मुंगी आणि भुंगेऱ्यावर समाधान मानावं. दुष्काळी उन्हाळ्यात एखाद्या थंड झऱ्याच्या मुखाशी ट्राउट दाटीवाटीनं उभे दिसतात. ते जीव वाचवायला तिथे आलेले असतात, त्यांच्यावर फ्लाय टाकणं मला अमानुष वाटतं आणि कुणी टाकताना दिसलं तर मी जाऊन सांगतो.

गळाचा काटा पक्कडीनं दाबून सपाट करून घ्यावा. मासा लवकर आणावा, हात ओले करून धरावा, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचं बुळबुळीत कवच निघतं आणि बुरशी लागते. फोटो काढायचा तर जाळीत, पाण्यातच.

काठाची गोष्ट निघाली म्हणून आणखी एक. 1981 मध्ये लेटॉर्टच्या वरच्या अंगाला वॉटरक्रेस या पालेभाजीच्या लागवडीतून एंडोसल्फान ओढ्यात उतरलं आणि मोठ्या पट्ट्यातले ट्राउट मेले. आपल्याकडे कासरगोडच्या काजूबागांमुळे हे नाव सगळ्यांना माहीत झालं, 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर बंदी घातली. काठावर जे फवारलं जातं ते पाण्यात जातं, आणि जे किडे तिथे मरतात ते माशाच्या तोंडी जात नाहीत. ज्यांची घरं ओढ्याला लागून आहेत आणि जे दर शनिवारी पाण्यापर्यंत हिरवळ कापून साफ करतात, त्यांना माझी मनापासून विनंती आहे की शेवटचे आठ-दहा फूट गवत वाढू द्या. गोचिडीची भीती असेल तर चालण्यापुरती एक पायवाट कापा.

हिमाचलात जाणाऱ्यांसाठी थोडं. तीर्थन किंवा बास्पाच्या खोऱ्यातला ब्राउन ट्राउट इंग्रजांच्या काळात आणून सोडलेला आहे. मत्स्यविभागाचा परवाना घ्यावा लागतो आणि 1 नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउट बंद असतो. जुलै-ऑगस्टात पाणी गढूळ, तेव्हा काही खरं नाही. सप्टेंबरात पाणी निवळतं, त्याच सुमाराला गावकरी डोंगरउतारावरचं गवत कापायला लागतात आणि नाकतोडे चहूकडे उडतात. तेव्हा फोमचा नाकतोडा जरूर टाकून बघा. पण त्याच महिन्यांत तिथे स्क्रब टायफसचे रुग्ण वाढतात. गवतातल्या चिमुकल्या माइटच्या पिल्लांमुळे तो होतो, 2018 मध्ये आपल्या विदर्भातही त्यानं माणसं दगावली. चाव्याच्या जागी काळी खपली धरते, ती बहुधा काखेत किंवा जांघेत असते आणि दुखत नाही म्हणून लक्षात येत नाही. वेळेत दिलं तर डॉक्सिसायक्लिननं तो बरा होतो, उशीर झाला तर जिवावर बेततो. परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर पुण्या-मुंबईच्या डॉक्टरला डेंग्यू आणि मलेरियाच आधी आठवणार. त्यांनी विचारायची वाट बघू नका. मी हिमाचलात गवतात बसलो होतो, अमुक तारखांना, हे पहिल्याच वाक्यात सांगा आणि खपली शोधायला लावा.